कंसात उरलेली संख्या: मूळ अवयव पाडणाऱ्या कॅल्क्युलेटरचे परीक्षण

सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून गेल्या जूनमध्ये मी एक सायंटिफिक कॅल्क्युलेटर विकत घेतला. किंमत तेराशे रुपयांच्या आतच होती. सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले असून दर रविवारी सकाळी विश्रामबागेतील आमच्या घरी आठवी-नववीची नऊ मुले संख्यांचा अभ्यास करायला येतात. त्यांच्यासाठी दिलेल्या संख्येचे मूळ अवयव पाडून दाखवणारे बटण असलेला कॅल्क्युलेटर मला हवा होता. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. दहा अंकी पडदा, सौर पट्टी व आत एक छोटी बॅटरी आणि मूळ अवयवांची सोय असलेले कॅल्क्युलेटर या किमतीत एकाहून अधिक मिळतात, आणि विकत घेताना नेमके काय तपासावे हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. हे परीक्षण त्या एकाच सोयीचे आणि मोठ्या पूर्ण संख्यांशी हे यंत्र कसे वागते याचे आहे; त्रिकोणमिती, संख्याशास्त्र वगैरे बाबी मी फारशा वापरलेल्या नाहीत.

दुकानदारांनी खोका उघडून यंत्र हातात दिले आणि "बाई, हवे ते करून बघा" असे म्हणाले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. समोरच्या बिलबुकावर दुकानाचा पत्ता छापलेला होता. त्यातील सांगलीचा पिनकोड, ४१६४१६, मी दाबला आणि अवयवांचे बटण वापरले. पडद्यावर २ चा पाचवा घात, ७, ११ आणि १३ चा वर्ग यांचा गुणाकार उमटला. उत्तर बरोबर आहे हे मला पाहताक्षणी कळले, कारण तीन अंकांचा गट जसाच्या तसा दोनदा लिहिला की तयार होणारी सहा अंकी संख्या म्हणजे त्या गटाची १००१ पट असते, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. उरलेल्या ४१६ मध्ये ३२ × १३ आहेत. त्यामुळे १३ हा अवयव दोन्हीकडून येतो आणि त्याचा वर्ग होतो. अशा घडणीमुळे सांगलीच्या पिनकोडला एकूण ७२ विभाजक आहेत, आणि सहा अंकी संख्येच्या मानाने ही श्रीमंतीच म्हणावी लागेल. शिवाय त्याच्या अंकांची बेरीज २२ येते आणि २२ ने त्याला नि:शेष भाग जाऊन १८९२८ मिळतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी हर्षद संख्या असे नाव दिले. म्हणजे आपण सांगलीकर रोज पत्त्याच्या शेवटी एक हर्षद संख्या लिहीत असतो.

माझे माहेर साताऱ्याचे, सदर बझारातले. आईला पत्रे लिहिण्याच्या काळात ४१५००१ हा आकडा माझ्या हाताने शेकडो वेळा लिहिला असेल, पण त्याचे अवयव पाडण्याचा विचार तेव्हा कधी मनात आला नव्हता. दुकानातच तोही दाबून पाहिला. उत्तर आले ६१३ × ६७७. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे साताऱ्याच्या पिनकोडला १, तो स्वतः आणि हे दोन असे अवघे चारच विभाजक आहेत. कागदावर २, ३, ५, ७ अशा क्रमाने भाग देत गेल्यास ६१३ ही ११२ वी मूळ संख्या आहे, म्हणजे १११ वेळा निराशा पदरी घेतल्यानंतर पहिला अवयव हाती लागेल. पण सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची एक रीत आहे: दिलेल्या संख्येच्या वर्गमूळाहून लगेच मोठी असलेली पूर्ण संख्या घ्यावी, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करावी आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे, नसेल तर पुढची संख्या घ्यावी. ४१५००१ चे वर्गमूळ ६४४ पेक्षा किंचित जास्त आहे. ६४५ चा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केले की १०२४ उरतात, आणि १०२४ हा ३२ चा वर्ग आहे. पहिल्याच पायरीला काम झाले, कारण ६४५ मधून ३२ वजा केले की ६१३ आणि त्यात ३२ मिळवले की ६७७. बिलाच्या मागे ही आकडेमोड करताना मला जो आनंद झाला तो यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा होता. यंत्राने उत्तर दिले नसते तर ही वाट मी शोधायला गेले नसते, हे मी त्याच्या जमेच्या बाजूला लिहिते.

घरी आल्यावर कठीण परीक्षा सुरू झाली. पहिली संख्या मी निवडली ती ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढवत केलेल्या अशा घडणीच्या सर्व संख्या मूळ असाव्यात असा फर्मा यांचा अंदाज होता, आणि १७३२ साली स्विस गणिती ऑयलर यांनी याच संख्येला ६४१ ने भाग जातो हे दाखवून तो खोडून काढला. ही संख्या बरोबर दहा अंकांची असल्याने यंत्राच्या मर्यादेत बसते. बटण दाबल्यावर थोडा वेळ गेला आणि पडद्यावर ६४१ गुणिले, पुढे कंसात ६७००४१७ असे आले.

हा कंस या यंत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. यंत्र फक्त तीन अंकांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहते. १००० च्या आत अशा १६८ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनी भाग देऊन झाल्यावर जे उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न आहे. १००० नंतरची पहिली मूळ संख्या १००९. उरलेल्या संख्येचे अजून अवयव पडत असतील तर त्यातील प्रत्येक अवयव निदान १००९ असणार, म्हणून ती संख्या निदान १००९ चा वर्ग, म्हणजे १०१८०८१ इतकी असली पाहिजे. उरलेली संख्या याहून लहान असेल तर ती नक्की मूळ आहे आणि यंत्र ती कंसाशिवाय दाखवते. १०१८०८१ किंवा त्याहून मोठी असेल तर ती मूळ असेल किंवा नसेलही, आणि तसे कळावे म्हणून यंत्र तिला कंसात ठेवते. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख एका ओळीत आहे; कारण मात्र दिलेले नाही, आणि ते मुलांनी स्वतः शोधून काढले.

त्याआधी मुलांची एक चूक झाली, ती इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल. कंसात एकच संख्या दिसली की ती मूळ आहे असे त्यांनी धरले होते. मी त्यांना १०२२११७ दाबायला सांगितले. यंत्राने ती संख्या जशीच्या तशी कंसात परत दिली. मग फर्मा यांची रीत वापरली: १०११ चा वर्ग १०२२१२१, त्यातून वजा केल्यावर ४ उरले, म्हणजे अवयव १००९ आणि १०१३. कागदावर दोन ओळींत जे निघाले ते यंत्राला निघाले नव्हते. यानंतर कंसाचा अर्थ कोणाला पुन्हा समजावून द्यावा लागला नाही.

आता ६७००४१७ या संख्येचे काय? तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे आहे. म्हणजे १००९ पासून २५८८ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहायला हवा, आणि त्या दोनशेहून अधिक आहेत. येथे मोठ्या संख्येची घडण मदतीला येते. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून झालेल्या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो हे ऑयलर यांना माहीत होते, आणि तो १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो हे पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती ल्युका यांनी दाखवले. ६४१ म्हणजे पाच वेळा १२८ अधिक १, हे लगेच पडताळता येते. आता १००० ते २५८८ यांच्या दरम्यान अशा संख्या तेराच आहेत: १०२५, ११५३, १२८१, १४०९ इथपासून २५६१ पर्यंत. त्यातील बहुतेकांचे लहान अवयव पडतात. उदाहरणार्थ १५३७ म्हणजे २९ × ५३ आणि २५६१ म्हणजे १३ × १९७. मूळ संख्या म्हणून उरतात फक्त ११५३ आणि १४०९. दोनशेहून अधिक भागाकारांचे काम दोन भागाकारांवर आले. ११५३ ने भागल्यास बाकी ३३४ राहते आणि १४०९ ने भागल्यास ६२२. म्हणून ६७००४१७ ही मूळ संख्या आहे आणि कंस पुसायला हरकत नाही. यंत्राने जिथे थांबून सांगितले तिथून पुढे मुलांनी काम पूर्ण केले, आणि आठवीतील एका मुलीने वहीत कंस काढून तो पेन्सिलीने खोडला.

अवयवांच्या बटणाबद्दल माझे मत असे चांगले आहे. गुणाकाराबद्दल मात्र मला तितके चांगले लिहिता येत नाही, कारण तेथे हेच यंत्र आपली मर्यादा सांगत नाही. कापरेकरांनी अभ्यासलेल्या आणखी एका प्रकारच्या संख्या आहेत, ज्यांच्या वर्गाचे दोन भाग करून बेरीज केली की मूळची संख्या परत मिळते. ७७७७ चा वर्ग ६०४८१७२९ आणि ६०४८ अधिक १७२९ म्हणजे ७७७७. यात यंत्राला काही अडचण आली नाही. पुढे आम्ही १४२८५७ घेतली. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ हा अकरा अंकी आहे, आणि पडद्यावर दिसले २.०४०८१२२४५ गुणिले १० चा दहावा घात. शेवटचा ९ वरच्या अंकात मिसळून गेला होता. मुलांनी २०४०८ आणि १२२४५० यांची बेरीज केली, ती १४२८५८ आली, आणि कापरेकरांचे चुकले की काय असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरातून २०४०८०००००० वजा करायला सांगितल्यावर पडद्यावर १२२४४९ आले आणि बेरीज जमली. म्हणजे यंत्राच्या पोटात पडद्यावरच्या दहा अंकांपेक्षा जास्त अंक असतात, आणि वरचे अंक वजा केले की खालचे वर येतात. ही युक्ती विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

पण तिलाही शेवट आहे. नऊ एके ओळीने लिहिले, म्हणजे १११११११११ ही संख्या घेतली, तर तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ असा चढता आणि उतरता येतो. आमच्या यंत्रावर हा वर्ग करून त्यातून १२३४५६७८९०००००००० वजा केले, तेव्हा ८७६५४३२१ ऐवजी ८७६५४३०० मिळाले. पोटात पंधराच अंक मावतात आणि सतरा अंकांतील शेवटचे दोन गेले. कंस नाही, खूण नाही, काही नाही. ज्याला संख्यांचे गुणधर्म माहीत नाहीत तो हे उत्तर निःशंकपणे उतरवून घेईल, आणि माझी या यंत्राबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे.

गुणधर्म माहीत असतील तर मात्र चूक दोन ठिकाणी उघडी पडते. एककस्थानी १ असलेल्या संख्येच्या वर्गाच्या एककस्थानी १ च असतो, ० कधीच नसतो. आणि जुन्या शाळांत घोटून घेतला जाणारा नवाचा ताळा, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर पडताळण्याची रीत, येथे चोख काम करतो: नऊ एक्यांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला आणि तिच्या वर्गालाही ९ ने भाग गेलाच पाहिजे. खऱ्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८१ येते. शेवटच्या २१ ऐवजी दोन शून्ये आली की ती ७८ होते आणि ताळा जमत नाही. माझे वडील किराणा मालाच्या याद्यांची बेरीज झाल्यावर तोंडातल्या तोंडात ताळा पाहत असत, आणि लहानपणी मला ती उगाचची सवय वाटत असे. आता मी मुलांना कॅल्क्युलेटरचे मोठे उत्तर ताळ्याशिवाय वहीत लिहू देत नाही.

बरोबर उत्तर याच यंत्रावर काढता येते, फक्त संख्येचे तुकडे करावे लागतात. १११११११११ म्हणजे ११११ गुणिले एक लाख, अधिक तिचे शेवटचे पाच अंक, म्हणजे १११११. पहिल्या तुकड्याचा वर्ग १२३४३२१, दुसऱ्याचा १२३४५४३२१ आणि दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट २४६८८६४२. तिन्ही उत्तरे दहा अंकांच्या आत आहेत, म्हणून तिन्ही विश्वासार्ह. ती योग्य स्थानी सरकवून कागदावर मिळवली की सतराच्या सतरा अंक बिनचूक मिळतात. दोन पदांच्या बेरजेच्या वर्गाचे जे सूत्र मुले आठवीत पाठ करतात, त्याचा इतका प्रत्यक्ष उपयोग मी वर्गात असताना दाखवू शकले नव्हते, याची मला खंत आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगते. बटणे टणक आहेत आणि आवाज करीत नाहीत. अवयवांची सोय दुसऱ्या बटणाच्या वर बारीक पिवळ्या अक्षरांत लिहिलेली असल्याने ती आहे हेच अनेकांना कळत नाही. माझ्या शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडे हेच यंत्र दोन वर्षे होते आणि त्याने ती कधी वापरली नव्हती. माहितीपुस्तिका मराठीत नाही आणि तिचा टाइप माझ्या वयाच्या माणसाला भिंगाशिवाय वाचवत नाही. दहापेक्षा जास्त अंकांची संख्या दिली तर अवयव पाडण्याऐवजी यंत्र चूक झाल्याचा संदेश दाखवते. म्हणून ४१६ हा गट चार वेळा लिहून होणारी बारा अंकी संख्या त्याला थेट देता येत नाही. तिला आधी ४१६ ने भागून १००१००१००१ करावे लागते, आणि मग ७ × ११ × १३ × १०१ × ९९०१ असे सुरेख उत्तर कंसाशिवाय मिळते. दहावीच्या मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा केवळ परीक्षेसाठी म्हणून पालकांनी हा खर्च करू नये. ज्या घरात मुलाला संख्यांची ओढ आहे आणि शेजारी वही-पेन्सिल ठेवण्याची शिस्त आहे, त्या घरासाठी मी हे यंत्र निःसंकोच सुचवीन. दुकानात उभे राहूनच त्यावर ४२९४९६७२९७ दाबून पाहावे. ६४१ आणि कंस आला तर यंत्र मी वर्णिले तसेच आहे.

सध्या आमच्या रविवारी २१४७४८३६४७ या संख्येवर काम चालू आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर ती मिळते, आणि यंत्राने ती संपूर्णच कंसात ठेवली आहे. ती मूळ असल्याचे ऑयलर यांनी १७७२ साली दाखवले, पण मुलांना ते स्वतः पाहायचे आहे. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक २४८ च्या पटीपेक्षा १ ने किंवा ६३ ने मोठा असावा लागतो, आणि वर्गमूळ ४६३४० च्या आसपास असल्याने ६३ ही संयुक्त संख्या सोडून असे ३७२ उमेदवार उरतात. त्यातील १००० च्या आतील सात यंत्राने आधीच निकालात काढले आहेत. राहिलेल्या ३६५ पैकी ३, ५ आणि ७ ने भाग जाणारे मुलांनी पहिल्या रविवारी गाळून टाकले आणि उरलेले नऊ जणांत वाटून घेतले. प्रत्येक भागाकाराची बाकी दोघांनी तपासायची आणि मगच वहीत लिहायची असा नियम त्यांनीच केला आहे. काल १५३७७ ने भागून पाहिले. बाकी ८७१२ राहिली.